क्लेम ग्राबोव्स्कीचा नो-हिटर

बेसबॉलची टीम कशी चालवावी हे जगात फक्त दोन माणसांना कळतं, असं क्लेम ग्राबोव्स्कीचं ठाम मत होतं. त्यातला एक तो स्वतः, आणि दुसरा अजून जन्माला यायचा होता. शबॉयगन गावच्या स्टर्जन्स टीमचा मॅनेजर व्हर्न होल्कम या दोघांत बसत नव्हता. हे क्लेमनं त्याला अकरा वर्षं सांगून पाहिलं होतं. कधी स्टँडमधून ओरडून, कधी टीव्हीच्या काचेवर बोट आपटून, आणि बहुतेक वेळा सामन्यानंतर रेडिओवर प्रेक्षकांच्या फोनचा जो कार्यक्रम लागतो त्यातून. "नॉर्थ साइडचा क्लेम लाइनवर आहे" असं कळलं की रेडिओवाला रस्टी आधी एक सुस्कारा सोडायचा आणि मग लाइन जोडायचा.

क्लेमची तक्रार एकच होती. दमलेला पिचर. बॉल टाकून टाकून पिचरचा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबायला लागतो, समोरचे येतील ते बॉल कुंपणापार भिरकावतात, तरी होल्कम आपला बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतोय.

"दमलेल्या पिचरला आपण दमलोय हे कधीच कळत नाही," क्लेम रेडिओवर सांगायचा. "त्याला विचारलंत तर तो म्हणणार, मी ठणठणीत आहे. म्हणून त्याला विचारायचंच नसतं! मॅनेजरनं उठायचं, मैदानाच्या मधोमध चालत जायचं, हात पुढे करायचा, बॉल मागायचा आणि दुसऱ्या पिचरला द्यायचा. मॅनेजरला पगार मिळतो तो त्या चालण्याचा."

सिद्धांतात खोट काढायला जागा नव्हती. क्लेम स्वतः चीजच्या कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात होता. तिथं त्याच्या हाताखाली एकच माणूस होता आणि तोही त्याचं ऐकत नसे, हा भाग वेगळा.

तर अशा माणसाच्या हाती घराच्या कर्जाचं काम आलं.

क्लेम आणि त्याची बायको डोरीन दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. खाली मालकीणबाई, मिसेस कुबियाक. चौदा वर्षांचा शेजार. बाईंना काही सांगायचं असलं की त्या झाडूचा दांडा छताला ठोकत, आणि डोरीन जिन्यात जाऊन "काय हो?" म्हणे. त्या ऑगस्टात दांडा वाजला तो नेहमीपेक्षा हळू.

"मी चालले बाई टूसॉनला, मुलीकडे," मिसेस कुबियाक म्हणाल्या. "गुडघ्यांना आता इथला हिवाळा सोसत नाही. घर तुम्ही घ्या. बाहेरच्याला दिलं तर तो पहिल्यांदा आमच्या ह्यांनी, स्टॅननं, लावलेलं प्लमचं झाड तोडेल आणि तिथं गाडी उभी करेल. पण मला फार थांबता यायचं नाही हं. सप्टेंबर संपायच्या आत तुमचं बँकेचं पक्कं झालं तर तुमचं. नाहीतर तो पोस्टकार्डवाला आहेच."

पोस्टकार्डवाला म्हणजे 'तुमचं घर रोखीनं घेतो, आहे तसं घेतो' अशी कार्डं गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या पेटीत टाकणारा गृहस्थ. कार्डावर त्याचा हसरा फोटो असे. इतके दात असलेला माणूस शबॉयगनमध्ये कुणी प्रत्यक्ष पाहिला नव्हता.

डोरीन जिन्यातच पायरीवर बसली. लहानपणी ती सात भाड्याच्या घरांतून वाढली होती. लग्नानंतरही वरच्या मजल्याची भिंत मालकाची म्हणून पांढरी ती पांढरीच राहिली होती. स्वयंपाकघराला लोण्यासारखा पिवळा रंग द्यायचा हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. रंगाच्या दुकानातलं नमुन्याचं कार्ड चमच्यांच्या खणात पडून पडून त्यावर चमच्यांचे ओरखडे उठले होते. घर पाहावं बांधून म्हणतात, पण डोरीनला ते बांधायचंही नव्हतं. होतं तेच हवं होतं.

"कागदांचं मी बघते," ती म्हणाली. डोरीन दाताच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर असे. कुणालाही नको असलेली गोष्ट गोड आवाजात सांगायची आणि माणसाला ठरल्या वेळी खुर्चीत आणून बसवायचं, हे तिचं रोजचं काम. कर्जासाठी यापेक्षा लायक माणूस शोधून सापडला नसता.

"तू?" क्लेम म्हणाला. "अगं डोरीन, हे मॅनेजमेंटचं काम आहे."

झालं. क्लेमनं जेवणाच्या टेबलावर कागदांचा फलंदाजीचा क्रम लावला. पगाराच्या पावत्या सलामीला, कारण त्या चपळ. करविवरण चौथ्या नंबरला, कारण ते वजनदार. शेजारचा ऑटो हाफनर सल्ला द्यायला येऊन बसला. ऑटोनं घर घेतलं तेव्हा बँकेच्या साहेबानं त्याच्या बापाशी हात मिळवला होता, बापानं साहेबाला सॉसेजची एक माळ दिली होती, आणि कर्ज पास झालं होतं.

"सॉसेज घेऊन जा, लेका," ऑटो म्हणाला. "कागदांनी कुणाचं पोट भरत नाही."

बँकेत कर्जाचं काम मिस ऑल्ड्रिज बघत. तरुण, नीटनेटक्या आणि कमालीच्या शांत. क्लेमनं बँकखात्याचे उतारे नेले होते. त्यातलं शेवटचं पान कोरं होतं म्हणून ते शहाणपणानं घरी ठेवलं होतं.

"सहावं पान नाहीये, मिस्टर ग्राबोव्स्की."

"ते कोरं आहे. त्यावर फक्त 'हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे' एवढंच लिहिलंय."

"हो. पण ते हवंय."

"अहो, पण त्यावर काहीच नाही!"

"काहीच नाही हे आम्हाला बघावं लागतं," मिस ऑल्ड्रिज शांतपणे म्हणाल्या.

क्लेम घरी जाऊन ते काहीच नसलेलं पान घेऊन आला. मग त्याच्या खात्यात मध्येच जमा झालेल्या रकमेचा खुलासा मागितला गेला. क्लेमनं आपला बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या चित्रकार्डांचा संग्रह ऑटोला विकला होता, एवढं एका ओळीत लिहिता आलं असतं. पण त्या संग्रहात ज्या पिचरचं कार्ड होतं त्याचं करिअर होल्कमनं कसं मातीत घातलं, हे सांगितल्याशिवाय तो व्यवहार समजणार कसा? खुलासा तीन पानं झाला. मिस ऑल्ड्रिजनी तो वाचला, वर पाहिलं, आणि म्हणाल्या, "आठव्या इनिंगपर्यंत ठेवायलाच नको होतं त्याला." क्लेमला त्या क्षणी वाटलं, देव बँकेतही असतो.

पुढं सगळं लोण्यासारखं चाललं. घराची तपासणी झाली, किंमत ठरली, एकेक कागद पास होत गेला. आणि मग सप्टेंबरात एका संध्याकाळी, दोघं स्वयंपाकघरात असताना, मिस ऑल्ड्रिजचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "अभिनंदन, मिस्टर ग्राबोव्स्की. आतापर्यंत एकाही ठिकाणी अडलेलं नाही."

क्लेमचा चेहरा पांढराफटक पडला.

याचं कारण बेसबॉलवाल्यांना सांगावं लागत नाही. पिचर समोरच्यांना एकही हिट, म्हणजे धड लागलेला फटका, न देता पुढं पुढं निघाला की त्याला नो-हिटर म्हणतात. पण तसं म्हणायचं सामना संपल्यावर. चालू असताना तो शब्द तोंडातून काढायचा नाही. बाकावर पिचरशेजारी कुणी बसत नाही, त्याच्याशी कुणी बोलत नाही, जो जिथं आहे त्यानं तिथंच राहायचं. बोललात की मोडलं. मोठमोठी शिकलेली माणसं हे पाळतात. आणि इथं खुद्द पिचरनंच, म्हणजे मिस ऑल्ड्रिजनीच, सांगून टाकलं होतं की आपण नो-हिटर टाकतोय!

"आजपासून या घरात," क्लेम फोन ठेवून दबक्या आवाजात म्हणाला, "त्या गोष्टीचं नाव कुणी काढायचं नाही."

"कर्जाचं?"

"डोरीन!"

कर्ज, बँक आणि घर हे तिन्ही शब्द बंद झाले. घराला 'इथं' म्हणायचं ठरलं. फोन आला तेव्हा डोरीन फ्रिजकडे तोंड करून स्टुलावर बसली होती. आता रोज संध्याकाळी तिनं तिथंच बसायचं. क्लेमच्या पायात तेव्हा हिरवे मोजे होते. ते मोजे पायातच राहिले, आणि चार दिवसांत ऑटोनं सल्ला द्यायला येणं बंद केलं, हा त्या व्रताचा एकच फायदा. कारखान्यातही क्लेमनं ऑफिसातल्या रोझलिंडला बजावलं. रोझलिंड स्टर्जन्सची जुनी भक्त. तिला जास्त सांगायची गरज पडली नाही. तिनं फक्त ओठांवर बोट ठेवलं.

डोरीननं हे का चालवून घेतलं, असं कुणीही विचारील. एक तर चौदा वर्षांत तिला याहून वेड्या गोष्टींची सवय झाली होती. दुसरं म्हणजे, तिनं स्वतःशीही कबूल केलं नसतं, पण तिलाही भीती वाटत होती. इतकं हवंसं काही जवळ आलं की माणूस श्वाससुद्धा जपून घेतो.

मिस ऑल्ड्रिजचा फोन वाजला. क्लेमनं घेतला नाही. पुन्हा वाजला. त्यानं फोन उशीखाली ठेवला. पिचरशी बोलायचं नसतं! ती बाई एवढं सुंदर टाकतेय, तिच्या शेजारी जाऊन बसणारा मी कोण? निरोप साठत गेले, तेही त्यानं ऐकले नाहीत. त्याच्या दृष्टीनं हा शिष्टाचार होता.

तिकडे खालून झाडूचा दांडा वाजे. "क्लेम, बँकेचं काय झालं रे?" वरून क्लेम जोरजोरात शिट्टी वाजवायला लागे. दुसऱ्या दिवशी दांडा, शिट्टी. तिसऱ्या दिवशी मिसेस कुबियाक त्याला अंगणातच गाठायला निघाल्या, तर क्लेम प्लमच्या झाडामागे लपला. त्याचा घेर पाहता ते झाड लहान पडलं. बाईंनी त्याला पाहिलं, त्या तशाच आत वळल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दांडा वाजायचा बंद झाला.

शनिवारी दुपारी स्टर्जन्सचा सामना होता. डोरीन फ्रिजसमोर, क्लेम मागच्या पोर्चमध्ये रेडिओ लावून, हिरव्या मोज्यांत. तरुण पिचर डेस्मंड क्वेल नऊपैकी सात इनिंग एकही हिट न देता गेला. सगळं मैदान चिडीचूप. आठव्या इनिंगला त्याचा हात थकला. रेडिओवरसुद्धा ते कळत होतं. समालोचक 'जरा घामाघूम दिसतोय' म्हणाला. होल्कम बसून. पहिला हिट गेला, दुसरा गेला, तिसरा कुंपणाबाहेर गेला. होल्कम बसूनच. सामना गेला.

क्लेम रेडिओवर जोडला गेला तेव्हा त्याचा आवाज कापत होता.

"पण क्लेम," रस्टी म्हणाला, "तसं काही चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, नाही का?"

"इतरांनी नाही बोलायचं!" क्लेम ओरडला. "मॅनेजरनं बोलायचं असतं! पोरगा दमला होता, त्याला कळत नव्हतं. अपशकुनाला भिऊन सगळे गप्प बसले तर समजू शकतो. मॅनेजरही गप्प बसला तर मग टीमला आहे कोण?"

हे सगळं स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. डोरीन फ्रिजकडे बघत होती. मग तिनं मान वळवून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. मग ती उठली. स्टुलावरून उठली म्हणजे व्रत मोडलंच होतं, म्हणून ती सरळ जिना उतरून खाली गेली.

मिसेस कुबियाक डोळे पुसत कप कागदात गुंडाळत होत्या. "तुम्हाला घर नको होतं तर तोंडावर सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी दांडा मारते आणि वरून शिट्टी! माझ्या झाडामागं लपतो तो माणूस! मी काय सावकार आहे? सोमवारी दुपारी बारा वाजता येतोय तो पोस्टकार्डवाला."

डोरीननं कारण सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले.

"नो-हिटर?" मिसेस कुबियाकांच्या हातातला कप तसाच राहिला. "अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं!"

"सांगायचंच नसतं ना, तेच तर."

"ते मला नको सांगूस. एकदा रेडिओवर असाच सामना चालू होता, आठव्या इनिंगला माझा हात ओव्हनमध्ये भाजला, तर स्टॅननं मला ओरडू दिलं नव्हतं." म्हातारी क्षणभर हसली आणि मग गंभीर झाली. "पण मी त्या माणसाला शब्द दिलाय, डोरीन. बारा वाजता तो माझ्या टेबलाशी कागद घेऊन बसणार. फार तर सही लांबवत मी त्याला केक वाढत राहीन."

डोरीन वर आली. क्लेम अजून पोर्चमध्येच होता. रेडिओ बंद, खांदे पडलेले, मांडीवर फोन. रडकुंडीला आला होता, पण ते होल्कममुळे असं त्याला वाटत होतं. डोरीन स्वयंपाकघराच्या दारातून निघाली. घाई न करता, एकेक पाऊल टाकत ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला.

क्लेमनं तो हात पाहिला. बेसबॉलमध्ये अशा हाताचा एकच अर्थ असतो.

"मी ठणठणीत आहे," तो म्हणाला.

डोरीननं हात मागे घेतला नाही. क्लेमनं स्वतःचं वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. अकरा वर्षं तो ज्या चालण्याबद्दल ओरडत होता, ते चालणं त्याला पहिल्यांदाच समोरून दिसत होतं. समोरून ते फार वेगळं दिसतं. त्यानं फोन उचलून तिच्या तळहातावर ठेवला आणि खाली मान घालून आत गेला. मोजे मात्र त्यानं त्याच संध्याकाळी काढले. डोरीननं ते चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकले.

निरोप सगळे मिस ऑल्ड्रिजचे होते, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा काळजीचा. शेवटची एकच पायरी उरली होती. क्लेम नोकरीवर आहे एवढं कारखान्यानं फोनवर सांगायचं होतं. बँकेनं कारखान्यात दोनदा फोन केला, आणि दोन्ही वेळा रोझलिंड म्हणाली, "क्लेमबद्दल इथं कुणी काही बोलणार नाही," आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी डोरीन रोझलिंडसमोर उभी राहिली. रोझलिंडनं ओठांवर बोट ठेवलं.

"रोझलिंड, क्लेम आता बाकावर आहे. मी टाकतेय," डोरीन म्हणाली. "आणि खालच्या मजल्यावर परवाच सगळं बोलून बसलेय. मोडला नो-हिटर."

"हुश्श!" रोझलिंडनं केवढा तरी मोठा श्वास सोडला. "मोडला ना? मरत होते मी बाई!" आणि तिनं बँकेला फोन लावला. इतके दिवस तुंबलेलं सगळं बाहेर आलं. क्लेम नोकरीवर आहे, रोज वेळेवर येतो, डब्यात काय आणतो, गेल्या नाताळात त्यानं कुठलं गाणं बेसूर म्हटलं, सगळं मिस ऑल्ड्रिजना कळलं.

"आम्हाला वाटलं, मिस्टर ग्राबोव्स्की गेले," मिस ऑल्ड्रिज नंतर डोरीनला म्हणाल्या.

"गेले म्हणजे? नोकरीवरून?"

"आधी तसंच वाटलं. मग कारखान्यातल्या बाई अशा आवाजात बोलल्या की दुसऱ्या अर्थानंही वाटलं."

बँकेत मंजुरीचा कागद टेबलाटेबलांवरून फिरेपर्यंत बारा वाजून गेले. तिकडे खालच्या मजल्यावर पोस्टकार्डवाला सगळे दात घेऊन हजर झाला होता. मिसेस कुबियाकांनी त्याच्यापुढं केक ठेवला. मग दुसरा तुकडा. मग स्टॅनच्या फोटोंचा अल्बम, पहिल्या पानापासून. तिसऱ्या तुकड्याला त्या माणसाचं हसू आखडलं. त्यानं पेनाचं टोपण काढलं. इतक्यात वरच्या मजल्यावर फोन वाजला आणि कुणीतरी टाच आपटली. एकदा, दोनदा, आणि मग नाचल्यासारखी कितीदा तरी. छताचा थोडा रंग केकवर पडला.

"राहिलेला बांधून देऊ का?" मिसेस कुबियाकांनी पोस्टकार्डवाल्याला विचारलं.

सह्या करायला शुक्रवारी दोघं बँकेत गेली. कागदांचा गठ्ठा एवढा होता की अर्ध्यावरच क्लेमचं नाव वाकडं यायला लागलं. डोरीननं त्याच्याकडं पाहिलं. "दमलो," क्लेमनं कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदा. मिस ऑल्ड्रिजनी दोघांना कॉफी दिली. ऑटोनं पाठवलेली सॉसेजची माळ मात्र त्यांनी घेतली नाही. बँकेचा नियम आडवा आला.

घरी आल्यावर क्लेम खालच्या पोर्चच्या पायरीवर बसला, प्लमच्या झाडाकडं पाहत राहिला. डोरीन शेजारी येऊन बसली.

"मी घालवलंच होतं, डोरीन," तो म्हणाला. "होल्कमला एवढं बोललो, आणि मी त्याच्याहून वाईट. मला बसवून तुला पहिल्यापासून टाकायला द्यायला हवं होतं."

डोरीननं त्याच्या पाठीवर थाप मारली, मॅनेजर मारतो तशी. "सात इनिंग चांगल्या टाकल्यास," ती म्हणाली. "तुझ्या त्या तीन पानी खुलाशाशिवाय त्या बाईंनी तुला इतके फोन केलेच नसते. आता बोल ना रे काहीतरी. संपला सामना."

क्लेमनं तोंड उघडलं. इतक्या दिवसांच्या सवयीनं ते आपोआप मिटलं. त्यानं एकदा झाडाकडं पाहिलं, एकदा वरच्या खिडकीकडं.

"घर," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "आपलं घर." आणि मग बाहीनं डोळे पुसत, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो तेच म्हणत राहिला, तेव्हा आतून झाडूचा दांडा छतावर वाजला.

"कळलं!" मिसेस कुबियाक ओरडल्या. "तुमचंच आहे! पण माझे कप अजून आत आहेत, जरा हळू!"

डोरीन उठली, वर गेली, आणि चमच्यांचा खण उघडून तिनं पिवळं कार्ड बाहेर काढलं.